पीएचडी करायचीय, बायोत की इकॉनॉमिक्समध्ये? सारखे येणारे प्रश्न

आमच्या घरात दोन पीएचडी आहेत. माझी लाइफ सायन्सेसमधली, पुण्याची, फळमाश्यांवर, आणि नवऱ्याची इकॉनॉमिक्समधली, मुंबईची. नेटचा (पीएचडी आणि प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल लागला की भाच्या, भाच्यांच्या मैत्रिणी, जुने स्टुडंट्स, सोसायटीतल्या काकूंचा मुलगा असे सगळे तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. बायोचं मी सांगतेय, इकॉनॉमिक्सचं नवऱ्याला विचारून, आणि जिथे आमचं पटलं नाही तिथे तसं लिहिलंय.

१. पीएचडीत दिवसभर नक्की करतात काय? एमएससीसारखी लेक्चरं असतात का?

सुरुवातीला असतात. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं करावंच लागतं, त्यात रिसर्च एथिक्सचा एक पेपर येतो. ते संपलं की टाइमटेबल नावाचा प्रकार संपतो आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते.

बायोत दिवस लॅबच्या घड्याळावर चालतो. सेल्सना मीडिया बदलायचा, माश्यांच्या बाटल्या पलटायच्या (२५ डिग्रीला दहा दिवसांत नवी पिढी बाहेर येते, रविवार असो की लक्ष्मीपूजन), पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची रिअ‍ॅक्शन) लावायचा, चहा पिऊन यायचं, जेल बघायची आणि त्यावर फक्त लॅडर (मापाची पट्टी) दिसतेय, बाकी सगळं कोरं, मग परत पहिल्यापासून. इकॉनॉमिक्सवाला लॅपटॉपसमोर बसतो, स्टाटा नाहीतर आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडून त्याच डू-फाइलचं (कोडच्या फाइलचं) तेरावं व्हर्जन लिहितो. माझ्या सासूबाईंना चार वर्षं असंच वाटत होतं की मुलगा घरी रिकामा बसलाय, आणि माझ्या आईला वाटत होतं की मी कुठल्यातरी कारखान्यात शिफ्टला जाते.

२. पात्रता काय लागते?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे मास्टर्सला ५५ टक्के, किंवा चार वर्षांची नवी डिग्री असेल तर ७५ टक्के. एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट. एमफिल आता बंद झालंय, त्यामुळे कोणी "आधी एमफिल कर" म्हणालं तर सल्ला जुना आहे असं समजा. आयसर, आयआयटी वगैरेंचे स्वतःचे नियम असतात, त्यांची जाहिरात वेगळी वाचायची.

३. बायोची नेट आणि इकॉनॉमिक्सची नेट एकच का?

नाव एक, परीक्षा दोन. लाइफ सायन्सेसची सीएसआयआर-यूजीसी नेट २०० मार्कांची, तीन भागांत, चुकीला २५ टक्के निगेटिव्ह. खरी चाळणी पार्ट सी: ७५ प्रश्नांतून २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ मार्क. म्हणजे ७५ प्रश्नांतले आपले २५ कुठले हे ओळखणं हीच अर्धी परीक्षा. सगळं थोडं थोडं येणारे इथे गळतात, तीन-चार युनिट हाडामासात भिनवलेले निघून जातात.

इकॉनॉमिक्सची यूजीसी-नेट: पेपर १ जनरल, ५० प्रश्न १०० मार्क, पेपर २ विषयाचा, १०० प्रश्न २०० मार्क, निगेटिव्ह नाही. म्हणून रिकामं एकही गोल सोडू नका, आमच्या एका भाच्याने "खोटं कशाला लिहू" म्हणून अकरा प्रश्न सोडले होते, साधा भोळा.

जून २०२४ पासून यूजीसी-नेटच्या निकालात तीन गट असतात: पहिला जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे), दुसरा असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, तिसरा फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटात असाल तर प्रवेशात नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वजन, आणि ते मार्क एकच वर्ष चालतात. वर्ष गेलं की गेलं.

नेटशिवायही दारं आहेत. बायोत टीआयएफआर घेते ती जेजीबिल्स परीक्षा, डीबीटीची (जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट परीक्षा, आयसीएमआरची जेआरएफ, गेटचा एक्सएल पेपर. इकॉनॉमिक्सवाल्यांनी गेटच्या एक्सएच पेपरात इकॉनॉमिक्सचा पर्याय असतो तो बघावा, आणि गोरेगावच्या आयजीआयडीआरसारख्या संस्थांच्या जाहिराती वेगळ्या बघाव्यात.

४. पैसे किती मिळतात? त्यात पुण्या-मुंबईत भागतं का?

जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग एसआरएफला (सीनिअर फेलोशिपला) ४२,०००, हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा, हॉस्टेल नसेल तर वर एचआरए (घरभाडे भत्ता). पीएमआरएफ (पंतप्रधान रिसर्च फेलोशिप) मिळाली तर ७०,००० पासून सुरुवात, पण ती फार थोड्यांना. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गासाठी असतात, आणि त्यांच्या जाहिराती वेळेवर याव्यात, पैसे वेळेवर मिळावेत म्हणून पोरं उपोषणाला बसलेली आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. केंद्रीय विद्यापीठांत नॉन-नेट फेलोशिप ८,००० ची आहे, तिच्यावर मुंबईत राहायचं म्हणजे विचारूच नका.

बायोत आणखी एक रस्ता म्हणजे गाइडच्या प्रोजेक्टवर जेआरएफ. ठीक आहे, पण प्रोजेक्ट संपला की पगारही संपतो आणि तुमची पीएचडी मात्र निम्म्यावर असते. इंटरव्ह्यूतच विचारा, प्रोजेक्टची किती वर्षं उरलीयत.

भागतं का? एकट्याचं भागतं, पण पैसे दर महिन्याला येतील असं धरू नका. माझी फेलोशिप एकदा सात महिने आली नाही, कारण एका कागदावर सही उजवीकडे हवी होती ती डावीकडे झाली होती. चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय घरभाड्याचा करार करू नका.

५. किती वर्षं लागतात, खरं सांगा.

नियम: कमीत कमी ३, जास्तीत जास्त ६, मग री-रजिस्ट्रेशन करून आणखी २. बायकांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून २. खरं: मला सहा वर्षं दोन महिने, नवऱ्याला पाच. बायोत वेळ जिवंत गोष्टींच्या गतीने जातो, उंदराला पिल्लं व्हायला तीन आठवडे लागतात तर लागतात, त्यात तुम्ही रात्रभर जागून काही होत नाही. इकॉनॉमिक्समध्ये जाणारा वेळ दिसत नाही, प्रश्न सापडत नाही म्हणून दीड वर्ष गेलेलं असतं आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही.

६. गाइड कसा निवडायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि येतो तेव्हा बहुतेकांनी गाइड निवडलेला असतो.

आधी हे बघा की दोन्हीकडे गाइडचा अर्थच वेगळा आहे. बायोत गाइड म्हणजे जागा, फ्रीजर, केमिकलचे पैसे, माश्यांचे स्टॉक, सगळं त्यांचंच. तुम्ही त्यांच्या घरात राहायला जाता म्हणा ना. इकॉनॉमिक्समध्ये गाइड महिन्यातून एकदा भेटणारा, मसुदा लाल करून परत देणारा माणूस, घर तुमचं तुम्ही चालवायचं. म्हणून बायोत टॉपिकपेक्षा लॅब बघायची, इकॉनॉमिक्समध्ये गाइड मसुदा वाचतो का हे बघायचं. नवरा म्हणतो नाव मोठं असलं की पुढे रेकमेंडेशनला उपयोग होतो, मी म्हणते न वाचता दिलेलं रेकमेंडेशन लगेच कळतं. हा वाद चालू आहे.

काय विचारायचं: लॅबमधून किंवा डिपार्टमेंटमधून गेल्या पाच-सहा वर्षांत कोण कोण बाहेर पडलं, किती वर्षांत, आणि किती जण मध्येच सोडून गेले. गाइडना विचारू नका, चौथ्या वर्षाच्या मुलीला कँटीनमध्ये चहा पाजून विचारा. ती "सर चांगले आहेत" म्हणून गप्प झाली तर त्या गप्प होण्याकडे लक्ष द्या. मी ज्या एका लॅबमध्ये आधी जाणार होते तिथे संध्याकाळी सात वाजता गेले, सगळे होते, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, फक्त सेंट्रिफ्यूजचा आवाज. नाही गेले.

आणखी एक कोरडी गोष्ट. प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ स्कॉलर ही मर्यादा आहे. "जागा होईल, तू काम सुरू कर" असं कोणी तोंडी म्हणालं तर कागद हातात येईपर्यंत दुसरीकडचे अर्ज थांबवू नका. गाइड रिटायर होत असतील तर प्रश्न १५ बघा.

७. टॉपिक आधी ठरवून जायचं का?

बायोत नाही. दिशा ठरवा, प्रोटीन की पॉप्युलेशन, माशी की माणूस, बाकी टॉपिक लॅबच्या ग्रँटमधून येतो. इकॉनॉमिक्समध्ये राज्य विद्यापीठांत प्रवेशालाच सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मागतात म्हणून काहीतरी लिहावं लागतं, लिहा, पण "महाराष्ट्रातील अमुक जिल्ह्यातील तमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास" असा टॉपिक घेऊन त्यातच अडकू नका. त्यात प्रश्नच नसतो, फक्त जिल्हा असतो.

८. मी बायोची आहे, मला इकॉनॉमिक्सकडे जायचंय. किंवा दोन्हीच्या मधलं काही करता येतं का?

येतं, आणि मधल्या जागेतच काही फार चांगले प्रश्न पडून आहेत. आपल्याकडचंच बघा, बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारा जिवाणूचा जीन घातलेला कापूस. २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जीन्सवाला आला, आणि २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं पोखरली. बायोवाला विचारतो की अळी प्रतिकारक कशी झाली. उत्तर उत्क्रांतीचं आहे: शेतात कडेने साधा, नॉन-बीटी कापूस लावायचा असतो, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात आणि त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होत राहून प्रतिकार पसरायला वेळ लागतो. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची. ती पुडी बहुतेकांनी लावलीच नाही.

का नाही लावली? इथे बायो संपतं. कडेच्या ओळींचं नुकसान माझं एकट्याचं, आणि अळी साधी राहिली तर फायदा अख्ख्या गावाचा, मग मीच का लावू? हा शुद्ध इकॉनॉमिक्सचा प्रश्न आहे. आता यावर पीएचडी करायची तर अळीच्या पिढ्या किती आणि शेतकऱ्याचा हिशोब काय, दोन्ही कळायला हवं. बायोवाला शेतकऱ्याला "अज्ञानी" म्हणून मोकळा होतो आणि इकॉनॉमिक्सवाला अळीला स्थिर आकडा धरतो, दोघंही चुकतात.

प्रॅक्टिकल बाजू: डिग्री एकाच डिपार्टमेंटची मिळते, त्यामुळे रजिस्ट्रेशन कुठे करायचं ते नोकरी कुठे हवी त्यावरून ठरवा. दुसऱ्या डिपार्टमेंटचा को-गाइड घेता येतो, नियमात बसतं. पण दोन्ही गाइड एकमेकांशी बोलतात का ते बघा, नाहीतर तुम्ही पाच वर्षं पोस्टमन. बायोतून इकॉनॉमिक्समध्ये थेट पीएचडी अवघड, आधी इकॉनॉमिक्सचं एमए किंवा एमएससी करावं लागतं. त्यातलं गणित हा वेगळा डोंगर, प्रश्न ९.

९. गणित किती लागतं?

इकॉनॉमिक्सला: लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, प्रॉबेबिलिटी, आणि थोडं रिअल अ‍ॅनालिसिस आलं तर पहिल्या वर्षी रडायला येणार नाही. बायोला: तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. बारावीत गणित सोडून बायो घेतलेले आम्ही सगळे सिक्वेन्सिंगचा डेटा आल्यावर रात्री आर शिकत होतो.

१०. डेटा कुठून आणायचा?

बायोत डेटा आणत नाहीत, पिकवतात. त्यामुळे हे उत्तर मुख्यतः इकॉनॉमिक्सवाल्यांना. एनएसएसचे (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे) युनिट लेव्हल, म्हणजे एकेका घराचे, डेटा सांख्यिकी मंत्रालय देतं, रोजगारासाठी २०१७-१८ पासून पीएलएफएस हा सर्व्हे आहे, आरोग्य-पोषणासाठी देवनारच्या आयआयपीएस या संस्थेचा एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण), त्याच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सुमारे ६.३७ लाख घरं आहेत. सीएमआयई या खासगी संस्थेचा डेटा चांगला पण विकतचा, तुमच्या संस्थेचं सबस्क्रिप्शन आहे का ते प्रवेशाआधी विचारा.

पहिल्यांदा एनएसएसची फाइल उघडाल तेव्हा नुसते आकडे दिसतील, एकाला एक चिकटलेले, मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही. घाबरू नका, सोबत लेआउटची फाइल असते, कितव्या रकान्यापासून कितव्यापर्यंत काय आहे ते त्यात लिहिलेलं असतं. मग मल्टिप्लायर, म्हणजे सर्व्हेतलं एक घर किती घरांच्या बदल्यात धरायचं तो आकडा. जुन्या फेऱ्यांत फाइलमधले एनएसएस आणि एनएससी अशा नावांच्या रकान्यांतले दोन आकडे सारखे असतील तर मल्टिप्लायर भागिले १००, नसतील तर भागिले २००. नवऱ्याने सगळीकडे १०० ने भागलं आणि भारताची लोकसंख्या फुगून आली, तीन दिवस त्याला वाटत होतं की कोडमध्ये चूक आहे.

११. परवानग्या कुठल्या लागतात?

उंदीर, ससा असेल तर संस्थेची प्राण्यांची एथिक्स कमिटी, जीन्समध्ये बदल करणार असाल तर बायोसेफ्टी कमिटी, माणसांचं रक्त किंवा माहिती घेणार असाल तर ह्यूमन एथिक्स कमिटी. फळमाश्यांसाठी प्राण्यांच्या कमिटीत जावं लागत नाही, मी माश्या निवडल्या त्यामागे हेही एक कारण होतं, उगाच मोठेपणा नको. इकॉनॉमिक्सवाल्यांना वाटतं आपल्याला काही लागत नाही, पण गावात जाऊन लोकांना कर्ज-उत्पन्न विचारणार असाल तर ह्यूमन एथिक्सची मंजुरी सर्व्हेच्या आधी घ्या. नंतर मिळत नाही, आणि जर्नल मागतात.

१२. पेपरवर नाव कोणाचं आधी?

बायोत पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं, मधल्या नावांना फारसं कोणी विचारत नाही. इकॉनॉमिक्समध्ये बहुतेक वेळा आडनावाच्या अक्षरक्रमाने, आणि नोकरीच्या बाजारात एकट्याच्या नावाचा पेपर लागतो. मधल्या विषयात काम करत असाल (प्रश्न ८) तर इथे जोरदार भांडण होतं, कारण इकॉनॉमिक्सच्या गाइडना शेवटचं नाव म्हणजे अपमान वाटतो. काम सुरू करायच्या आधी मेलवर लिहून ठरवा.

१३. पेपर छापल्याशिवाय थिसिस जमा करता येतो का? आणि प्लेजिअरिझम किती चालतं?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पेपरची सक्ती नाही, पण तुमच्या विद्यापीठाची असू शकते, ऑर्डिनन्स वाचा. केअर लिस्ट (मान्य जर्नल्सची यादी) यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे "केअर लिस्टेड, पंधरा दिवसांत छापतो, फक्त ३,०००" असे मेसेज येतात ते सरळ डिलीट.

प्लेजिअरिझमचं: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० ते ४० ला सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. स्वतःचाच छापलेला पेपर थिसिसमध्ये घेतला की सॉफ्टवेअर लालभडक होतं, त्यासाठी गाइडचं पत्र जोडून तो पेपर वगळून घेतात. आणि नऊ टक्के आलंय म्हणजे चोरी नाही असं नसतं, एक पूर्ण आयडिया शब्द बदलून उचलली तरी सॉफ्टवेअरला शून्य दिसतं.

१४. तीन वर्षं झाली, रिझल्टच नाही. काय करू?

आधी हे बघा की रिझल्ट नाही म्हणजे नक्की काय. एक्सपेरिमेंट चालत नाहीये, की चालतोय पण परिणाम शून्य येतोय? पहिलं टेक्निकल दुखणं आहे: अँटिबॉडी बदला, पॉझिटिव्ह कंट्रोल लावा, शेजारच्या लॅबमध्ये जाऊन त्यांच्या हाताने करून घ्या. माझं वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची चाचणी) आठ महिने येत नव्हतं, शेवटी कळलं की मायनस-८० डिग्रीच्या फ्रीजरमधल्या ट्यूब मी लॅबमध्ये यायच्या आधी कधीतरी लाइट गेली तेव्हा वितळून परत गोठल्या होत्या आणि कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

दुसरं, म्हणजे काम बरोबर आणि उत्तर शून्य, तर तो रिझल्टच आहे, थिसिसमध्ये जातो. आधीच्या पेपरमध्ये आलं ते तुम्हाला येत नाही म्हणजे तुमचंच चुकलं असंही नाही. २०१६ मध्ये इकॉनॉमिक्सचे १८ नावाजलेले लॅब-एक्सपेरिमेंट परत करून बघितले, ११ मध्येच मूळ निष्कर्ष परत आला. इकॉनॉमिक्सवाल्यांना मोह वेगळा असतो: व्हेरिएबल बदलत बदलत स्टार (निकाल लक्षणीय असल्याची खूण) येईपर्यंत रिग्रेशन चालवायचं. परीक्षक मूर्ख नसतात.

१५. गाइड रिटायर होतायत, माझं काय?

नोकरीची तीन वर्षंही उरली नसतील तर त्यांना नवा स्कॉलर घेता येत नाही. आधीपासूनचे असाल तर निवृत्तीपर्यंत तेच गाइड, नंतर वयाच्या सत्तरीपर्यंत को-गाइड राहू शकतात, मुख्य गाइड दुसरा लागतो. इकॉनॉमिक्समध्ये हे कागदावर सही बदलण्याइतकं सोपं. बायोत गाइड गेले की लॅबची खोली दुसऱ्याला जाते, म्हणून फ्रीजरमधलं काय काय कुठे हलवायचं ते सहा महिने आधी ठरवा.

१६. नोकरी करत पार्ट-टाइम होते का?

होते, ऑफिसची एनओसी लागते, त्यात कोर्सवर्कला सोडू असंही लिहून हवं. इकॉनॉमिक्समध्ये जमवणारे पाहिलेत. बायोच्या वेट लॅबमध्ये (हाताने प्रयोग करायच्या लॅबमध्ये) मी तरी एकही पाहिला नाही. ऑनलाइन किंवा डिस्टन्स पीएचडी या नियमांत बसत नाही, जाहिरात कितीही चकचकीत असो.

१७. लग्न होऊन दुसऱ्या शहरात चाललेय. पीएचडी हलवता येते का? आणि बाळंतपणाची रजा?

रजा २४० दिवसांपर्यंत मिळते. हलवण्याबद्दल नियम मुलींसाठी चांगला आहे: लग्नामुळे किंवा अन्य कारणाने जागा बदलली तर रिसर्च डेटा नव्या संस्थेत नेता येतो. पण त्यात एक पाचर आहे. काम एखाद्या फंडिंग एजन्सीने मूळ संस्थेला किंवा गाइडला दिलेल्या प्रोजेक्टचा भाग नसावं. इकॉनॉमिक्सवाली पेनड्राइव्ह घेऊन निघते. बायोत जवळपास सगळंच काम कुठल्यातरी ग्रँटवर चालतं, म्हणजे नियम आहे आणि आपल्याला लागू नाही. लग्न ठरतंय असं दिसलं की गाइडशी आधी बोला, लाजू नका. माझ्या लॅबमेटने शेवटचं दीड वर्ष आठवड्याला नाशिक-पुणे केलं, शिवशाहीचा कंडक्टर तिला नावाने ओळखायचा.

१८. पुढे नोकरी काय?

असिस्टंट प्रोफेसरसाठी जुलै २०२३ पासून नेट, किंवा सेट, स्लेट या राज्य पातळीवरच्या परीक्षा, ही किमान अट आहे, पीएचडीची सक्ती नाही, पण प्रत्यक्षात निवडीत पीएचडीवाले पुढे असतात. बायोत संशोधनात राहायचं तर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम) करावाच लागतो, बऱ्याचदा दोन. इकॉनॉमिक्समध्ये पीएचडीनंतर थेट नोकरी लागू शकते, शिवाय रिझर्व्ह बँक, थिंक टँक, कन्सल्टन्सी असे रस्ते असतात. पैशाच्या बाबतीत नवरा जिंकलाय, हे मी मान्य करते.

१९. व्हायवाला घरच्यांना बोलावता येतं का?

व्हायवा (थिसिसवरची शेवटची तोंडी परीक्षा) खुला असतो, त्यामुळे मागच्या रांगेत कोणी बसलं तर सहसा कोणी हाकलत नाही, फक्त आधी डिपार्टमेंटला विचारून घ्या. माझी आई आली होती, पैठणी नेसून, पेढे घेऊन. बाहेरच्या परीक्षकांनी पाऊण तास पिळलं, आई सगळं नीट ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "अगं, त्या माश्या आता कुठायत?" ज्युनिअरकडे दिल्यात म्हटलं.